किक थांबत नाही, घुमतच राहते: ब्रिज्ड-टी ड्रम मॉड्यूलचा नेहमीचा दोष

घरी बांधलेल्या अ‍ॅनालॉग ड्रम मशीनमध्ये सगळ्यात जास्त त्रास किकच (मोठ्या ड्रमचा ठोका) देते, आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते. ठोका पडतो, पण आवाज मावळत नाही. मागे ‘हूंऽऽ’ चालूच राहतो. कधी डिकेचा पॉट (आवाज किती वेळ टिकावा हे ठरवणारी खुंटी) पूर्ण फिरवल्यावर, कधी कायमचा, कधी फक्त संध्याकाळी, कधी फक्त पावसाळ्यात. अशा वेळी लोक पहिल्यांदा आयसी बदलतात. आयसी क्वचितच दोषी असते. या एका लक्षणामागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी कारण ओळखा.

पुढचे आकडे या मांडणीचे आहेत. ‘के’ म्हणजे किलोओहम, ‘मेग’ म्हणजे मेगओहम. आयसी टीएल०७२ (दोन ऑप-अ‍ॅम्पची), सप्लाय ±१२ व्होल्ट. पिन १ पासून पिन २ पर्यंत दोन १५ नॅनोफॅरडचे कॅपॅसिटर एकामागे एक. त्यांच्या मधल्या सांध्यापासून ४७ के ग्राउंडला. पिन १ ते पिन २ वरून पूल टाकल्यासारखा १ मेगचा रेझिस्टर, म्हणून नाव ब्रिज्ड-टी. पिन ३ ला १ के ग्राउंडवर, आणि ट्रिगरची (ठोका पाडणाऱ्या इशाऱ्याची) साधारण १ मिलिसेकंदाची पल्स १० के मधून तिथेच. आयसीचा दुसरा अर्धा भाग १०० के आणि १०० के लावून आवाज उलटवतो. तो उलटलेला आवाज १ मेगच्या डिके पॉटमधून आणि मग ५६० के मधून परत मधल्या सांध्यावर येतो. रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनपासून घेतलेल्या बहुतेक किक याच घराण्यातल्या. आकडे थोडेफार बदलतात, तत्त्व तेच.

या आकड्यांवर किकचा सूर किती येतो? डिके पूर्ण उघडा असताना ४७ के आणि ५६० के मिळून सुमारे ४३.४ के होतात, आणि सूर येतो ५१ हर्ट्झ. डिके कमी केला की ४९.७. म्हणजे किक बरोबर आपल्या घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झवर बसलेली आहे. सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. ८०८ निघालं १९८० मध्ये, रोलँड कंपनी तेव्हा ओसाकाची, आणि ओसाकाकडची वीज ६० हर्ट्झची. आपली वीज ५० ची. तेच आकडे जसेच्या तसे उचलले की आपण ५० हर्ट्झची हमिंग शोधून मोठी करणारं एक उत्तम फिल्टर बांधतो, आणि मग ते हमिंग का देतं म्हणून डोकं खाजवत बसतो.

आधी निदान

सांधा आणि ग्राउंड यांच्यामधल्या ४७ के रेझिस्टरवर क्रोकोडाइल क्लिपने आणखी एक १०० के समांतर लावा. डिके पूर्ण ठेवा आणि नीट ऐका.

घुमणाऱ्या आवाजाचा सूर स्पष्ट चढला (५१ वरून ६१ हर्ट्झवर जातो, कानाला लगेच कळतं), तर मॉड्यूल स्वतःच दोलन करत आहे, म्हणजे ठोक्याशिवाय आपणहून वाजत राहतं आहे. सूर तोच राहिला आणि आवाज फक्त बारीक झाला, तर ती बाहेरून आलेली लाइनची हमिंग आहे. ही चाचणी भरवशाची का, तर या मांडणीत ग्राउंडचा रेझिस्टर बदलल्याने फक्त सूर बदलतो. फीडबॅकचं प्रमाण तसंच राहतं, त्यामुळे स्वतःचं दोलन थांबत नाही. डिकेचा पॉट कमी करून बघण्यात अर्थ नाही. त्याने दोन्ही प्रकारचे आवाज कमी होतात आणि काहीच कळत नाही.

दुसरी चाचणी गावात फुकट मिळते. लाइट गेली की दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर (±९ वर टीएल०७२ आरामात चालते) मॉड्यूल लावा आणि बॅटरीवरच्या छोट्या अ‍ॅम्पमधून हेडफोनवर ऐका. अंधारात आवाज स्वच्छ आणि लाइट आल्याबरोबर बॅटरीवर असूनही हूं सुरू, तर ती हवेतून, म्हणजे आसपासच्या वायरिंगमधून येते आहे. बॅटरीवर कधीच येत नाही, फक्त अडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मरवर येते, तर सप्लाय बघा.

आवाजाचा पोतही सांगतो. जाड, गोल ‘हूं’ म्हणजे ५० हर्ट्झ. त्याच्या वरच्या सप्तकातला, थोडा खरखरीत म्हणजे १०० हर्ट्झ, रेक्टिफायरनंतर डीसीवर उरलेली लहर, म्हणजे रिपल. ‘झर्रर्र’ असा चिरका असेल तर घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू आहे.

मॉड्यूल स्वतःच दोलन करत असेल तर

या मांडणीत दोन्ही कॅपॅसिटर सारखे असतील तर फीडबॅकचं प्रमाण म्हणजे पुलाच्या रेझिस्टरचा अर्धा भाग भागिले परतीचा रेझिस्टर. १ मेगचे अर्धे ५०० के, भागिले ५६० के, म्हणजे ०.८९. हा आकडा १ झाला की दोलन कायमचं. ०.८९ वर किक साधारण एका सेकंदात विरते, ते छान. पण १ पासून अंतर फक्त ११ टक्के आहे आणि सगळं भांडण त्या ११ टक्क्यांत आहे.

साधे ५ टक्क्यांचे कार्बन रेझिस्टर घेतले, आणि १ मेग निघाला १.०५, ५६० के निघाला ५३२, तर प्रमाण ०.९८७. किक आठ सेकंद घुमते. उलटवणाऱ्या भागातले १०० के असेच विरुद्ध बाजूंना गेले तर आणखी दहा टक्के वाढतात आणि मॉड्यूल थांबतच नाही. एकच नकाशा, एकच दुकान, तरी एकाचं मॉड्यूल नीट आणि दुसऱ्याचं बेशिस्त, ते यामुळे.

कॅपॅसिटरकडे तर कुणी बघतच नाही. दोघांपैकी जो पिन २ ला लागतो त्याची किंमत जास्त असेल तर फीडबॅक वाढतो. पिन २ कडे १६.५ आणि पिन १ कडे १३.५ नॅनो आला (१० टक्क्यांच्या मालात हे सहज होतं), तरी प्रमाण ०.८९ वरून ०.९८ होतं. कपॅसिटन्स मोजणारं मीटर असेल तर दहा-बारा नग मोजा, जोडी जुळवा, आणि थोडा फरक राहिलाच तर लहान कॅपॅसिटर पिन २ कडे लावा. मीटर नसेल आणि किक घुमत असेल तर दोघांची जागा अदलाबदल करून बघा. काही वेळा एवढ्यानेच काम होतं.

माल कोणता घ्यायचा: पॉलिएस्टर, म्हणजे दुकानात माइलर म्हणतात तो, ‘१५३ जे’ छाप. ‘जे’ म्हणजे ५ टक्के, ‘के’ म्हणजे १०. तपकिरी सिरॅमिक डिस्क इथे अजिबात नको, आणि त्यावर शेवटचं अक्षर ‘झेड’ असेल तर नक्कीच नको. त्याची सहनशीलता अधिक ८०, उणे २० टक्के असते आणि उष्णतेने किंमत कुठच्या कुठे जाते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे असतो, टिनाखालच्या खोलीत बंद डब्यातलं तापमान त्याहून जास्त. जानेवारीच्या पहाटे तोच डबा १० अंशांवर. या फरकात माइलरवरचा सूर एक-दीड टक्का हलतो, ते चालण्यासारखं आहे. डिस्कवर किक ओळखू येत नाही. रेझिस्टर सगळे १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. एका मॉड्यूलला सात-आठ लागतात, खर्चात फरक नगण्य.

कायमचा इलाज म्हणजे ५६० के काढून तिथे ४७० के आणि मालिकेत २२० के चं प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट). ४७० ते ६९० के पर्यंत फिरवता येतं. मॉड्यूल पंधरा मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या. डिके पूर्ण उघडा. प्रीसेट कमी करत न्या, म्हणजे किक घुमायला लागेल. मग हळूहळू मागे आणा, ठोका देत राहा, आणि एक ते सव्वा सेकंदात विरायला लागली की थांबा. त्याहून जास्त लांब शेपटीचा मोह आवरा. ज्या मॉड्यूलची शेपटी चार सेकंदांवर लावली आहे, ते एखाद्या दुपारी हमखास पलीकडे जातं.

फक्त पावसाळ्यात होत असेल तर

इथे लक्षणं गोंधळात टाकतात, कारण एकाच कारणाने दोन उलट परिणाम होतात. झिरो पीसीबीवर (तांब्याच्या पट्ट्यांचा तयार बोर्ड) सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डरमधला राळेसारखा चिकट पदार्थ, जून ते सप्टेंबर ओल धरतो आणि पट्ट्यांमध्ये काही मेगओहमची गळती तयार करतो. १ मेगच्या पुलावर १० मेगची गळती झाली तर किकचा सूर साधारण ५ टक्के चढतो आणि शेपटी जवळजवळ अर्धी होते. ‘धूम’ ऐवजी ‘ठुक’. तीच गळती परतीच्या ५६० के वर झाली तर फीडबॅक वाढतो आणि शेपटी दुप्पट लांबते. आपण प्रीसेट फिरवून तात्पुरतं जुळवतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात बोर्ड सुकला की पुन्हा सगळं बिघडतं. म्हणून पावसाळ्यात प्रीसेटला हात लावण्याआधी बोर्ड धुवा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. सोल्डरची बाजू दोनदा घासा, दुसऱ्यांदा ताज्या अल्कोहोलने. एकाच पुसण्यात फ्लक्स पातळ होऊन सगळीकडे पसरतो आणि आधीपेक्षा वाईट होतं. रंगाचा थिनर वापरू नका, तो पॉटचं प्लास्टिक आणि काही कॅपॅसिटर खातो. धुतल्यावर केस वाळवायच्या ड्रायरने कोमट हवा द्या. मग फक्त सोल्डरच्या बाजूला पीसीबी लॅकरचा पातळ हात. पॉट, प्रीसेट आणि आयसी सॉकेटवर लॅकर उडू देऊ नका.

नवीन बोर्ड मांडताना पिन २ आणि मधला सांधा इतर पट्ट्यांपासून दूर ठेवा आणि शेजारच्या मोकळ्या पट्ट्या कापून टाका. पिन २ ची वायर जितकी आखूड तितकं बरं. ब्रेडबोर्डवर ही किक कायमची ठेवू नये.

लाइनची हमिंग असेल तर

बहुतेकांच्या घरी हेच निघतं. डिके पूर्ण असताना पिन २ वर आलेला करंट या मांडणीत साधारण दोन कोटी ओहमने गुणला जातो. जवळून गेलेल्या २३० व्होल्टच्या वायरशी पिन २ चं फक्त ०.१ पिकोफॅरड नातं असलं तरी ७ नॅनोअँपियर येतात आणि आउटपुटवर १०० मिलिव्होल्टच्या वर हमिंग उभी राहते. किक स्वतः शिखराला ०.७ व्होल्टच्या आसपास. एवढी हमिंग लपत नाही. शिवाय किकचा ५१ आणि लाइनचा ५० एकमेकांत मिसळून ठोके डोलतात: एक भरदार, पुढचा पोकळ. ताल सरळ असूनही वादन लंगडं वाटतं, ते यामुळे.

पहिला इलाज एका रेझिस्टरचा. ४७ के काढून ३९ के लावा. किक ५५.६ हर्ट्झवर जाते आणि ५० ची हमिंग आधीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. ३३ के लावला तर ६० हर्ट्झ आणि हमिंग त्याहूनही कमी. खाली न्यायची इच्छा असेल तर ६८ के ने ४३ हर्ट्झ मिळतात, पण मंडपातले बॉक्स ४३ हर्ट्झ देतच नाहीत, फक्त कोन हलतो. गावातल्या साउंड सिस्टीमवर ५५ ते ६० ची किक मूळ ५० च्या किकपेक्षा जास्त दमदार ऐकू येते. नकाशाशी इमान राखण्यापेक्षा हे महत्त्वाचं मानावं.

त्यानंतर पत्रा. मॉड्यूल बिस्किटाच्या किंवा खाऊच्या पत्र्याच्या डब्यात बसवा आणि डब्याला सर्किटच्या ग्राउंडशी एकाच जागी जोडा. लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा असेल तर आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवून तिला ग्राउंड द्या. ट्रान्सफॉर्मर त्याच डब्यात नको, फूटभर लांब वेगळ्या डब्यात हवा.

लॅपटॉप जोडल्यावरच हमिंग येत असेल तर दोन पिनचा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. त्या चार्जरमधून थोडा करंट बॉडीवर येतो. हाताला झिणझिण्या येतात तोच. चार्जर काढून आवाज गेला तर मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

अर्थिंगबद्दल स्पष्ट लिहायला हवं. बऱ्याच घरांत सॉकेटला अर्थ जोडलेलाच नसतो. जिथे जोडलेला असतो तिथेही उन्हाळ्यात काळी माती भेगाळून अर्थच्या सळईपासून सुटते आणि अर्थ नावापुरता उरतो. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहा, कोळसा-मीठ भरून घ्या. पण हमिंग घालवायला सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडणं, किंवा न्यूट्रल नाही म्हणून अर्थच्या सळईवर काम चालवणं, हे करू नका. डीपीकडून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडून) न्यूट्रल तुटला की तुमच्या ड्रम मशीनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि वाजवणाऱ्याचा हात त्याच पत्र्यावर असतो. हमिंग सहन करा, पण हे नको.

फक्त संध्याकाळी, १०० हर्ट्झचा खरखर आवाज असेल तर

व्होल्टेज पडतंय. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, मागे ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर (व्होल्टेज १२ वर स्थिर धरणारे), ही जोडी शहरात चालते. गावात संध्याकाळी लाइन १७० वर येते तेव्हा सेकंडरी ८.९ व्होल्ट, डायोडनंतर शिखराला जेमतेम ११.८. ७८१२ ला नीट काम करायला १४ च्या वर हवे. रेग्युलेटर हात टेकतो आणि रिपल सरळ सर्किटमध्ये. १५-०-१५, ५०० मिलिअँपियरचा ट्रान्सफॉर्मर लावा आणि प्रत्येक बाजूला २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट. १७० वर शिखराला १५ मिळतात, १०० मिलिअँपियर घेतल्यावर रिपल अर्ध्या व्होल्टच्या आत राहते, रेग्युलेटर तग धरतो. रात्री लाइन २५० ला गेली तर त्याच रेग्युलेटरला प्रत्येकी एक वॅट उष्णता काढावी लागते, म्हणून छोटा हीट सिंक आवश्यक. पिनजवळ १०० नॅनोचा कॅपॅसिटर विसरू नका.

याच मांडणीवर लो टॉम (किकपेक्षा वरच्या सुराचा ड्रम) बांधला असेल (१५ ऐवजी ६.८ नॅनो, सूर ११२ हर्ट्झ), तर १०० ची रिपल किकपेक्षा टॉममध्ये जास्त घुमेल. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा १५० तर आणखी वरच्या टॉमला सापडतो. वर सांगितलेलीच युक्ती: सूर ५०, १००, १५० पासून दहा टक्के तरी बाजूला ठेवा.

आपोआप ठोका पडत असेल तर

शेतातली मोटर सुरू झाली की किक एकदा वाजते, ही वेगळी तक्रार, पण सोबतच येते. स्टार्टरचा झटका ट्रिगरच्या लांब वायरवर चढतो. ट्रिगरच्या तोंडाशी बीसी५४७ ट्रान्झिस्टर बसवा: बेसला ४७ के मालिकेत, बेस ते ग्राउंड १० के, आणि त्यालाच समांतर १० नॅनो. सुमारे ३.४ व्होल्टच्या खाली ट्रान्झिस्टर जागाच होत नाही आणि बारीक काटे कॅपॅसिटर गिळतो. पुढे बीसी५५७ ने पल्स पुन्हा सरळ करून १० के मधून पिन ३ ला द्या. ५ व्होल्टचा ट्रिगर देणाऱ्या सीक्वेन्सरशी (ठोक्यांचा क्रम वाजवणाऱ्या यंत्राशी) हे नीट जुळतं, ३.३ व्होल्टच्या बोर्डवरून ट्रिगर येत असेल तर ४७ के च्या जागी २२ के लावा, उंबरठा २ व्होल्टच्या खाली येतो.

जनरेटरवर

दिवाळीनंतर मंडईचे (गावजत्रेचे) दिवस आले की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि मंडपात जनरेटर असेल तर ५० हर्ट्झही पक्के नसतात. फोकस लावला-विझवला की वारंवारता ४८ ते ५२ मध्ये हलते आणि ५१ ची किक तिला कधी पकडते, कधी सोडते. ५५.६ किंवा ६० वर नेलेली किक इथे खूप शांत राहते. त्याहून चांगलं म्हणजे ड्रम मशीन जनरेटरवर लावूच नका. १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरच्या दोन सीलबंद बॅटऱ्या मालिकेत, मधला जोड ग्राउंड, वरचं आणि खालचं टोक ±१२. पूर्ण मशीन १०० मिलिअँपियर घेत असेल तर रात्रभराचा प्रयोग सहज निघतो. दोन्ही टोकांना ५०० मिलिअँपियरचे फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, कारण शॉर्ट झाल्यास ही बॅटरी वायर पेटवण्याइतका करंट देते. वाजवताना चार्जर जोडलेला ठेवू नका, नाहीतर लाइनची हमिंग त्याच वाटेने परत येते. बॅटऱ्या एकाच वयाच्या घ्या, नाहीतर एक आधी उतरते आणि सप्लाय एका बाजूला झुकून किकचा वरचा किंवा खालचा भाग कापला जातो.